गायरानावरची खोटी रोपं

ज्या माणसानं माझ्या बापाच्या हातून त्याचंच झाड तोडून घेतलं, त्याला मी माफ केलेलं नाही. तो माणूस जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा ठेवू नये.

आमचं गाव पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटाच्या माथ्यावर. गावाच्या उगवतीला गायरान. मुरमाड जमीन, मधून एक कोरडा ओढा, आणि पार क्षितिजापर्यंत कुसळी गवत. धम्मदीक्षा घेतल्यावर आमच्या आज्यानं आणि भावकीनं गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावानं त्यांचं बलुतं बंद केलं. मग पोटासाठी ती माणसं या गायरानाच्या कडेला आली. दगड वेचले, बांध घातले, बाजरी आणि मटकी पेरू लागली. आज्याला गिधाडं ओळखू यायची, कुठलं आधी उतरणार आणि कुठलं मागं थांबणार ते तो सांगायचा. ती विद्या आमच्या घराला पुन्हा लागली नाही. बाच्या वाट्याला माळ आला.

बाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी शाळेत जाऊ लागले तशी एक वही त्यानं माझ्याकडून भरून घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळी हात-पाय धुऊन बसला की म्हणायचा, "लिही गं." मी लिहायचे. फाल्गुनात ओढ्यातला पळस आधी फुलला, टेकावरचा आठ दिवसांनी. पौषात भोरड्या आल्या, ज्वारीवर तुटून पडल्या. मार्गशीर्षात लांडगीनं ओढ्याच्या दरडीत बीळ उकरलं, तिकडं शेरडं नेऊ नयेत. श्रावणात तरवड पिवळाधमक झाला. एखाद्या वर्षी काही आलंच नाही तर तेही लिहायचं. "न्हाई आलं, त्ये बी लिव्ह," असं तो बजावायचा. ही सवय पुढं माझ्या किती कामाला येणार होती ते तेव्हा आम्हां दोघांनाही माहीत नव्हतं.

आमच्या बांधाच्या कोपऱ्यावर आज्यानं लावलेलं हिवराचं झाड होतं. पावसाळ्यात ते पांढुरक्या फुलांनी भरायचं, मधमाश्यांचा आवाज वस्तीपर्यंत ऐकू यायचा. उन्हाळ्याआधी शेंगा गळायच्या आणि शेरडांची चंगळ व्हायची. खाटीक पक्षी नाकतोडे पकडून त्याच्या काट्यांना टोचून ठेवायचा. लहानपणी मला त्या पक्ष्याची किळस यायची. पुढं मला त्याचं कौतुक वाटू लागलं.

बहात्तरनंतरचा तो दुसरा मोठा दुष्काळ. दोन वर्षं पाऊस तोंडाला पानं पुसून गेलेला. वस्तीतलं जवळजवळ प्रत्येक घर रोजगार हमीच्या कामावर होतं. त्याच वर्षी गावातल्या मोठ्या जमीनदारानं वृक्षलागवडीची सहकारी संस्था काढली. गावच्या सोसायटीचा चेअरमन तोच होता, आता या संस्थेचाही तोच झाला. त्याला सगळे नुसतं चेअरमन म्हणत, मीही तेच म्हणते. संस्थेचे सभासद त्याचे पाहुणेरावळे. गायरान संस्थेच्या ताब्यात आलं, आणि आमचे बांध एका दिवसात अतिक्रमण ठरले. झाडं लावण्याआधी जागा साफ करायची होती. साफ करायची म्हणजे होती ती झाडं पाडायची. कागदावर त्यांना काटेरी झुडपं म्हटलं होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बारावी होऊन घरी बसलेली, म्हणजे त्याच कामावर माय-बाबरोबर पाट्या वाहणारी. वैशाखातली सकाळ होती. चेअरमन खुर्ची घेऊन आला होता. ती त्यानं हिवराच्या सावलीत टाकायला लावली, बसला, आणि बाला हाक मारली.

"ए, इकडं ये. ह्ये झाड तू पाड."

बा म्हणाला, "मालक, ह्ये दुसऱ्या कुणाला सांगा. मी पलीकडच्या साऱ्या बाभळी पाडतो."

"कावून? तुज्या बापानं लावलंय का?"

"व्हय."

"मंग तर तुलाच ठावं आसंल मूळ कुठं हाय ते." चेअरमन मांडीवर मांडी टाकून बसला. "धर कुऱ्हाड. न्हाईतर उद्यापासून तुज्या घरातलं एक बी माणूस कामावर दिसनार न्हाई."

बानं वर पाहिलं. शेंड्याजवळ शिक्र्याचं घरटं होतं, चैत्रापासून आम्ही त्याच्यावर नजर ठेवून होतो. बा कुऱ्हाड खाली ठेवून झाडावर चढला. काट्यांनी त्याचे हात फाटले. पांढऱ्या लवेची दोन पिल्लं त्यानं पटक्यात बांधून खाली आणली आणि वस्तीतल्या कडुलिंबाच्या बेचक्यात नेऊन ठेवली. मादी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. मग त्यानं झाड तोडलं. दुपारपर्यंत चाललं ते. चेअरमन त्याच झाडाच्या सावलीत बसून होता. झाड कलंडायला आलं तेव्हा उठला आणि खुर्ची जरा बाजूला घ्यायला लावली.

पिल्लं तिसऱ्या दिवशी मेली. मादी लिंबाकडं एकदाही आली नाही. बानं त्याविषयी काही लिहायला सांगितलं नाही. त्यानंतर त्यानं "लिही गं" म्हणणंच सोडलं.

मी सोडलं नाही. त्या दिवसापासून वही माझी झाली, आणि त्या वहीत मी जे लिहीत गेले ते एकाच माणसाच्या विरोधात होतं. मला दुसरं काय करता येणार होतं? माझ्याकडं माणसं नव्हती, ओळख नव्हती. डोळे होते आणि वही होती.

मी लिहिलं: ज्येष्ठ, गायरानात खड्डे खणून झाले, रोपं नाहीत. आषाढ, रोपांची एक ट्रॉली आली, सडकेच्या कडेला दोन रांगा लावल्या, कुंपण नाही. आषाढ अखेर, शेरडांनी दोन्ही रांगा खाल्ल्या. श्रावण, उरलेली रोपं चेअरमनच्या गोठ्यामागं पिशव्यांतच वाळली. भाद्रपद, एक सर आली, टेकाच्या पायथ्याच्या खड्ड्यात रोप नाही, बेडूक आहे. कार्तिकात त्याच खड्ड्यांत विंचू निघाले. पौषात एका खड्ड्यात खोकडीनं घर केलं. माणसानं माझा माळ मोडला, पण जनावरं त्या खड्ड्यांचा उपयोग करून घेत होती आणि मी रोज फिरून सगळं टिपत होते. मला वाटायचं, ही खोकडसुद्धा माझ्या बाजूची साक्षीदार आहे.

फाल्गुनात बातमी आली की आमच्या गावची संस्था जिल्ह्यातली आदर्श संस्था म्हणून निवडली जाणार आहे. तपासणीला साहेब येणार, उन्हाळ्यात किती झाडं जगली ते पाहणार. मी हसले. माय म्हणाली, "हसू नगं. त्येनं कायतरी काढलंच आसंल."

काढलं होतंच. चैत्रातल्या एका संध्याकाळी ट्रॅक्टर वस्तीत आला आणि गड्यांनी आमच्या लिंबाच्या फांद्या छाटायला सुरुवात केली. चैत्राची कोवळी, तांबूस पालवी होती लिंबाला. मुकादम दारोदार सांगत गेला की बायांनी उद्या उजाडताच गायरानावर यायचं, फांद्या खड्ड्यात रोवायच्या, पाणी घालायचं आणि साहेब आल्यावर तोंड बंद ठेवायचं.

मी बाजवळ गेले. म्हटलं, "मी उद्या साहेबापुढं वराडनार. ह्या फांद्या हायत म्हनून सांगनार."

बानं विडी पेटवली. मग म्हणाला, "तू बोललीस तर तुजं तोंड दिसंल. मंग त्ये म्हनंल पोरगी खोटी हाय. साहेब त्येचं ऐकंल का तुजं?"

"मंग काय, गप बसू?"

"लिंबाची कवळी फांदी हाय ती. सकाळी रोवली तर सकाळी ताठ ऱ्हाईल. दुपार झाली की मान टाकती. तिला बोलू दे."

एवढंच बोलून तो उठला. त्याच्या मनात सूड होता की नुसतं झाडाविषयीचं ज्ञान होतं, ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या मनात काय होतं ते मात्र मला स्वच्छ माहीत होतं. साहेबाला दुपारपर्यंत माळावर अडकवून ठेवायचं, बस्स.

उजाडता उजाडता मी माझ्या हातांनी फांद्या रोवल्या. इतक्या नेटक्या की मुकादम म्हणाला, "हां, आसं पायजे." साडेआठला जीप आली. साहेब वाळकेसे, पन्नाशीचे, गळ्यात दुर्बीण. दुर्बीण पाहिली आणि त्यांना माळावर कशानं अडकवायचं ते मला कळलं. हार झाला, नारळ झाला. चेअरमननं लांबूनच हात करून रांगा दाखवल्या. सकाळच्या उन्हात गायरान खरंच हिरवं दिसत होतं. साहेब दोन रांगा चालले, मान डोलावली, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "या माळावर पक्षी कोणते दिसतात हो?"

चेअरमन म्हणाला, "हायत की, साहेब. चिमण्या, कावळे."

मी पाटी खाली ठेवली आणि पुढं झाले. "साहेब, पलीकडच्या टेकावर पळतीची अंडी हायत. उघड्यावर, खड्यांत. दावू का?"

पळती हे बानं ठेवलेलं नाव. तांबूस छातीचा, लांब पायांचा, उडण्याआधी पळत सुटणारा पक्षी. पुस्तकात त्याला धाविक म्हणतात हे मला त्या दिवशी साहेबांनीच सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला. "धाविक? अंड्यांवर? किती लांब?"

"ह्ये काय, जवळच," मी म्हटलं. जवळ नव्हतं.

चेअरमन म्हणाला, "साहेब, ऊन लई वाढंल. मळ्यात जेवनाची तयारी झालीया."

"जेवण पळून जात नाही," साहेब म्हणाले आणि चालू लागले.

मी त्यांना सरळ नेलं नाही. ओढ्यातून नेलं, लांडगीची दरड दाखवली. तित्तराची पावलं दाखवली. खोकडीचा खड्डा दाखवला, तेव्हा त्यांनी विचारलं, "इथं रोप नव्हतं लावलं?" मी म्हटलं, "खोकडीनं काढलं आसंल," आणि पुढं चालले. घाई करायची नव्हती मला. लांब हरणांचा कळप होता, त्यासाठी ते अर्धा तास बसले. चेअरमन मागून धापा टाकत येत होता, टॉवेलनं मान पुसत. त्याला परतही जाता येईना आणि साहेबांना ओढूनही नेता येईना. अंड्यांपाशी पोचलो तेव्हा मी साहेबांना लांब बसवलं. मादी पळत आली, थांबली, पुन्हा पळाली आणि अलगद अंड्यांवर बसली. साहेब दुर्बिणीतून पाहत होते. मी माझ्या सावलीकडं पाहत होते. ती पायाशी येत चालली होती.

परतलो तेव्हा बारा वाजून गेले होते. गायरानातल्या सगळ्या रांगांनी माना टाकल्या होत्या. कोवळी पालवी चिंध्यांसारखी लोंबत होती. साहेब थबकले. खाली वाकून त्यांनी एक रोप धरलं आणि ते सहज हातात आलं. खाली कोयत्याची तिरपी खाप. त्यांनी दुसरं उपटलं. तिसरं उपटलं.

"हे काय आहे, चेअरमन?"

"मजुरांनी घोळ केला, साहेब. ह्या बायांनी रोपं इकून फांद्या रोवल्या आसतील. ह्यांची जातच..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. माझी माय, जी त्याच्यासमोर जन्मात बोलली नव्हती, ती म्हणाली, "फांद्या तुमच्याच ट्रॅक्टरनं आल्या, मालक. आमच्या दारातल्या लिंबाच्या हायत. चला, दावते."

मग मी ओच्यातून वही काढली आणि साहेबांच्या हातात दिली. त्यांनी तिथंच उन्हात उभं राहून वैशाखापासून चैत्रापर्यंत वाचली. चेअरमननं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या नजरेत राग होता, पण रागाच्या आधी क्षणभर भीती होती. ती मी पाहिली. आयुष्यात मी खूप काही पाहिलं आहे, मोराचा नाच, लांडगीची पिल्लं, पण त्या क्षणाइतकं निवांत होऊन काही पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी टेकावर गेले. अंडी टाचेखाली चिरडलेली होती. मुरमात बुटाचा ठसा होता, चेअरमनच्या गड्यांपैकी कुणाचा तरी. मादी जवळच पळत होती, थांबत होती, पुन्हा पळत होती. मीच तिची जागा दाखवली होती. सूड माझा होता आणि पहिला मार तिनं खाल्ला. मी तिथं बसून रडले, पण पश्चात्तापानं नाही. मला फक्त वाटलं, हेही त्याच्याच नावावर.

पुढची किंमत आम्ही दिली. कामावरून आमची नावं गेली. त्या दिवाळीनंतर बा पहिल्यांदा ऊसतोडीला गेला. तोवर त्यानं माळ सोडून एक हंगामही घालवला नव्हता. इकडं चौकशी लागली, रेंगाळली, पुन्हा लागली. शेवटी वृक्षलागवडीची संस्था बंद झाली, आणि गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत चेअरमन पडला. त्या दिवशी मी पुरणपोळी केली. बा नुकताच तोडीवरून परतला होता. त्यानं ताट सरकवलं. म्हणाला, "गोडाचा वास नगं वाटतोय." मी एकटीनं खाल्ली.

रिकाम्या गायरानावर पुढं आम्ही वस्तीतल्या बायांनी चाऱ्याची सहकारी संस्था काढली. शेरडं-गुरं तीन वर्षं बाहेर ठेवली. गवत आपोआप आलं, आधी कुसळी, मग पवन्या, मग ओढ्याकडेला मारवेल. तोडलेल्या बाभळींच्या बुंध्यांतून फुटवे आले. पावसाळ्यात चंडोल उंच जाऊन गाऊ लागला. मी अंगणवाडीत लागले होते आणि संस्थेची सचिवही होते. विळ्यानं मारवेल कापताना मला फार बरं वाटायचं, कारण चेअरमनच्या मळ्यावरून ते हिरवं रान दिसायचं.

आणि मग पुन्हा दुष्काळ पडला. चेअरमनचा मळा वाळला, विहिरीला दगड दिसू लागले. आधी त्यानं गडी पाठवला. मी सांगितलं, चारा फक्त सभासदांना. आठ दिवसांनी तो स्वतः आला. म्हातारा झाला होता, हातात काठी. बांधाच्या पलीकडं उभा राहिला.

"बाई, दोन गाई उरल्यात," तो म्हणाला. मला बाई म्हणाला. "एक गाभण हाय. दोन-चार भारे द्या. जनावर मरंल."

या घटकेची मी किती वर्षं वाट पाहिली होती. काय बोलायचं ते पाठ होतं. म्हटलं, "आमच्या बाच्या हातून तुमी हिवर तोडून घेतलं. त्ये बी जितंच व्हतं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. डोळे बारीक केले, आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "कोनतं हिवर?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं मी जे उराशी धरून जगले, ते त्याच्या लेखी एका सकाळचं किरकोळ काम होतं. मला वाटलं विळा उचलावा. मी म्हटलं, "जा. इथं तुमाला काडी मिळनार न्हाई."

तो काठी टेकत निघाला. गवताच्या गंजीमागून बा उठून आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. एक भारा डोक्यावर घेतला, दुसरा काखेत मारला आणि बांध ओलांडून त्याच्या मागं चालू लागला.

मी ओरडले, "बा! कुनासाठी न्हेताव? लाज न्हाई वाटत?"

तो न थांबता म्हणाला, "गाईनं काय केलंय गं? तिच्या हातात कुऱ्हाड व्हती का?"

सहा दिवस तो रोज भारा घेऊन गेला. आम्ही दोघं एका घरात राहून महिनाभर बोललो नाही. गाय व्याली, जगली. चेअरमनच्या घरून खरवस आला तो मी दारातूनच परत पाठवला. बाला कळलं, त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढच्या सभेत मी ठराव मांडला: सभासदाच्या घरातल्या कुणीही संस्थेचा चारा बाहेर देऊ नये, दिल्यास त्या घराचा हक्क जाईल. ठराव कुणासाठी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. माय गेल्यावर तिच्या जागी बा सभासद झाला होता. तो मागं भिंतीला टेकून बसला होता. मी हात वर करायला सांगितलं. सगळ्या बायांनी हात वर केले, त्याच्याकडं न बघता. त्याचे दोन्ही हात मांडीवरच राहिले.

"विरोधात कुणी?" मी विचारलं.

त्यानं उजवा हात वर केला. मी मोजला, लिहून घेतला, आणि ठराव मंजूर झाल्याचं वाचून दाखवलं.